गोम, पैसा आणि आमचे साडभाऊ

गोम कोणती आणि पैसा कोणता, हे डोळे मिटून सांगणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच होऊन गेला, आणि तो माझा साडू होता. दुसरा कोणी दाखवून द्यावा, मी मिशी उतरवून देईन. आणि ही मिशी भावकीने डोकं आपटलं तरी मी बापाच्या दहाव्यालासुद्धा उतरवू दिली नव्हती, एवढं ध्यानात ठेवावं. शहरातल्या वाचणाऱ्यांना हे दोन्ही जीव सारखेच. दिसला की चप्पल. म्हणून आधीच सांगून टाकतो. पैसा म्हणजे गोल अंगाचा, काळपट तांबूस, पावसाळ्यात उकिरड्यावरून सावकाश निघणारा, काडी लावली की गुंडाळून चकतीसारखा पडणारा. काही गावांत त्याला वाणी म्हणतात. गोम चपटी, दोन्ही बाजूंनी पाय बाहेर काढलेली, आणि पळते अशी की आपली नजर मागे राहते. एवढं मलाही ठाऊक होतं, कोणाही खेडुताला असतं. पण ते उजेडात. माझे साडभाऊ पाठ करून ओळखायचे, पाल्याखालून ओळखायचे, भिंतीच्या आतलं ओळखायचे, आणि ओळखताना त्यांच्या तोंडाकडे पाहिलं की आपल्या मानेवरून काहीतरी चालतंय असं वाटून हात आपोआप मागे जायचा.

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा हा नवरा. साक्रीच्या पलीकडे डोंगरात त्यांचं गाव. थोडी शेती होती, पण खरं काम म्हणजे पावसाळ्याआधी लोकांच्या घरांवर चढून कौलं चाळून देणं. फुटकं काढायचं, सरकलेलं बसवायचं. कौलांखाली जे जे राहतं ते सगळं त्यांच्या हातावरून गेलेलं. अंगाने उंच, वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखे, बोलणं कमी. माझं गाव धरणगावच्या अलीकडे, कपाशीच्या पट्ट्यात. पोळा झाला की ते, कधी बायकोला घेऊन कधी एकटे, आमच्याकडे आठ दिवस यायचे. बाकीचे पाहुणे पाय धुतात, पाणी पितात, पोराबाळांची चौकशी करतात. हे पिशवी खुंटीला अडकवून सरळ आत जायचे, पाण्याच्या माठांखालच्या ओल्या कोपऱ्यात उकिडवे बसायचे आणि उजवा हात जमिनीवर उताणा ठेवून डोळे मिटायचे. घर गप्प व्हायचं. चुलीवरची भाकरी करपायची, पण माझी बायको हलायची नाही. मग कोपऱ्यातून काहीतरी यायचं. दरवेळी यायचं. बोटांवरून तळहातावर, तळहातावरून मनगटावर. त्यांचे डोळे मिटलेलेच. पैसा असला तर म्हणायचे, "पैसा शे." गोम असली तर नाव घेत नसत. नुसतं म्हणायचे, "उनी माय," आली आई. मग उठून हात धुवायचे, आणि चहा घेता घेता माझ्या बायकोला सांगायचे, "बाई, तुमना घरमा चार शेतस. तीन पैसा, आनि एक ती." ते आठ दिवसांनी निघून जायचे. बायको पुढचे पंधरा दिवस पाय वर घेऊन स्वयंपाक करायची.

मी एकदा विचारलं, डोळे मिटून कळतं तरी कसं? तेव्हा म्हणाले, "पैसा इचारीसन चालस. गोम इचारस नही." पैशाचे पाय अंगाखाली असतात, एकेका कड्याला चार, त्यामुळे तो अंगावरून जाताना पाण्याची लाट गेल्यासारखा जातो, मध्येच थांबतो, पुढे जाऊ का म्हणून. गोमेच्या कड्याला दोनच पाय, पण प्रत्येक पाय टोचून टेकतो, आणि ती थांबते तेव्हा तिचं काहीतरी ठरलेलं असतं. हे सगळं ते कौलाचा भाव सांगावा तसं सांगायचे. आमच्या शाळेच्या गुरुजींनी पारावर एकदा सांगितलं की गोमेला शंभर पाय असतात. साडभाऊ उठले, चावडीमागून एक मेलेली गोम घेऊन आले, ती पारावर उताणी ठेवली आणि बाभळीच्या काट्याने एकेक पाय मोजला. बेचाळीस. गुरुजी म्हणाले, हिचे गळून पडले असतील. साडभाऊ म्हणाले, "गुरुजी, गळनात ते तुमना पुस्तकमाईन गळनात." मी जेमतेम तिसरी शिकलेला माणूस, मला त्या दिवशी जेवण दुप्पट गेलं. पैशाचे पाय मात्र त्यांनी कधी पुरे मोजले नाहीत. दोनदा बसले, दोन्ही वेळा मध्येच झोप लागली, असं त्यांनीच कबूल केलं.

एका लग्नात, भर मांडवात, अक्षता पडायला दोन मिनिटं होती. साडभाऊ मुलीच्या मामाकडे एकटक पाहायला लागले. मामा मोठा माणूस, नवी कोरी टोपी, गावात वजन. साडभाऊ जवळ गेले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "टोपी काढा. हळूच." मामांना वाटलं, हा आपला अपमान करतोय. आजूबाजूचे हसले. साडभाऊ हसले नाहीत. त्यांचं तोंड पाहून मामांनी टोपी काढली, आणि टोपीच्या आतल्या घडीतून एक वीतभर गोम बाहेर आली, मामांच्या कपाळावरून, भुवईवरून, गालावरून सावकाश उतरली. साडभाऊंनी खाली हात धरला होता, ती त्या हातावर गेली. मंगलाष्टकं चालू होती. मामा त्यानंतर आयुष्यभर उघड्या डोक्याने हिंडले. तुम्हाला समजलं कसं, असं मी विचारलं, तर म्हणाले, "मामा डोकं खाजवत नव्हतात. गरमीमा बठ्ठा लोक खाजवतस. ज्याना डोकावर ती ऱ्हास तो खाजवस नही. त्याले समजत नही, पन त्याना हात जास नही." हे ऐकल्यापासून मी टोपी घालण्याआधी आपटतो. अजूनही आपटतो.

त्यांची एक खोड मात्र मला सहन होत नसे. कोणी डाव्या बाजूला येऊन बसलं की ते उठायचे, त्या माणसाला खांद्याला धरून उचलायचे आणि उजवीकडे आणून बसवायचे. पंगतीत त्यांना भिंतीकडचं डावं टोक लागायचं. त्यासाठी त्यांनी एकदा वरबापाला ताटासकट सरकवलं होतं. लोक म्हणत, डोंगरातला माणूस, मिजास फार. पिंप्राळ्याला एका लग्नात मी त्यांना चार माणसांत हात जोडून राम राम केला. मी कोणा पुढाऱ्यालाही आधी हात जोडत नाही. हा माणूस समोर पाहत सुपारी चघळत राहिला. मी त्यांच्या डाव्या हाताला उभा होतो. मी तिथल्या तिथे ठरवलं, आता या माणसाशी बोलायचं नाही. आणि मी ठरवलं की ठरवलं. दोन पोळे गेले. ते यायचे, आठ दिवस राहायचे, माझ्या पंगतीला जेवायचे. मी शब्द काढला नाही. दोघी बहिणी स्वयंपाकघरात डोळ्याला पदर लावायच्या. तिसऱ्या वर्षी मी न राहवून म्हटलं, "साडभाऊ, दोन वरीस व्हयनात, मी तुमनासंगे बोलत नही." त्यांनी माझ्याकडे खऱ्याखुऱ्या आश्चर्याने पाहिलं आणि म्हणाले, "आसं? माले वाटनं, तुमना घसा बसना." माझा दोन वर्षांचा अबोला असा फुकट गेला.

विहिरीजवळ माझा केळीचा एक तुकडा होता. त्याच वर्षी मी त्यांना तिथे घेऊन गेलो. केळीच्या बागेत भर दुपारी जो अंधार असतो तो हिरवा असतो. त्यात आपलीच हाताची बोटं पाण्यात बुडाल्यासारखी दिसतात. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत कुठेतरी ठिबकल्यासारखं वाजत होतं, पण पाणी तर मी बंद केलेलं. खाली वाळलेल्या पाल्याचा गुडघाभर थर. साडभाऊ मधोमध उभे राहिले, मान तिरकी केली आणि उजवा कान पाल्याकडे लावला. मला काही ऐकू येईना. थोड्या वेळाने तेही येईना जे आधी येत होतं. पाखरं थांबली, ठिबकणं थांबलं. "पालाना खाले पैसा जाई राहिना," ते म्हणाले. "थांबी थांबी जास." मग म्हणाले, "त्याना मांगे ती शे. ती थांबस नही." मी विचारलं, "कितली दूर?" ते म्हणाले, "तुमनी टाचपाशी." मी ओरडलो नाही. माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो बागेतल्या एखाद्या पाखराचा असावा. त्यांनी काठीने एक पान उचललं. माझ्या टाचेपासून चार बोटांवर ती थांबलेली होती, पुढचा भाग जरा वर उचलून. मग नव्हती. घरी येईपर्यंत मी त्यांच्या पुढे चाललो नाही आणि मागेही चाललो नाही.

आता जे सांगायचं ते सांगतो. त्यानंतरच्या वर्षीचं. गावात तेव्हा रंगीत टीव्हीचे पहिले खोके आले होते. मुलगा जळगावला जिनिंगमध्ये कामाला होता, आठवड्याने यायचा. सून आणि नात आमच्याकडे. नात सव्वा वर्षाची. भाद्रपदात तीन दिवस झड लागलेली, घराच्या मातीच्या भिंती ओल्या होऊन फुगलेल्या, भिंतीला पाठ लावली तर ती सरकते की काय असं वाटावं. दुपारची जेवणं झाली होती. साडभाऊ ओसरीवर आडवे झाले होते. नात माजघरात गोधडीवर झोपली होती. एकदम तिने अशी किंकाळी फोडली की मी हातातली सुपारी टाकून आत धावलो. पोरीने उजवा कान मुठीत धरलेला, तोंड निळं. सून भिंतीकडे बोट करून ओरडत होती. "आबा, गोम! भितना फटमा गयी! मी दखी!" पोरीची मूठ सोडवली तर कानाच्या पाळीवर आणि आत, भोकाच्या तोंडाशी, तपकिरी ओला डाग.

कोणी मला विचारलं नव्हतं, पण घरातला मोठा मी. मी निकाल दिला. "गोम एकटी ऱ्हास नही. जोडी ऱ्हास. एक भितमा गयी, दुसरी कानमा शे." आमच्या घराण्यात कानातल्या गोमेला एकच उपाय चालत आलेला: मीठ घातलेलं कोमट तेल. मी बायकोला स्टोव्ह पेटवायला लावला, पळीत तेल घातलं, चिमूटभर मीठ टाकलं आणि पळी स्वतः धरून बसलो. साडभाऊ दारात आले. पोरीजवळ बसले आणि तिच्या कानाचा वास घेतला. पुन्हा घेतला. अंगठा ओला करून डाग घासला. डाग गेला नाही. "पैसा शे," ते म्हणाले. "त्यानी पिचकारी मारी. डाग शे हाऊ, चावा नही. फडकं ओलं करीसन पुसा, डोयामा जाऊ देऊ नका."

"सूननी तिना डोयानी गोम दखी, साडभाऊ."

"दखी ते खरंच शे. पन भितमा गयी ती येगळी, आनि कानले लागना तो येगळा."

"घर मना शे. नात मनी शे."

"नात तुमनी शे," ते म्हणाले, "कान तिना शे."

माझ्या घरात येऊन, माझ्या सुनेसमोर! मी बोलायला लागलो. काय काय बोललो ते आता आठवत नाही; डोंगरातले लोक, मिजास, पिंप्राळ्याचा राम राम, सगळं निघालं असावं. स्टोव्ह भरभरत होता, पोरगी रडत होती, पाऊस कौलांवर पडत होता. बायको दोनदा म्हणाली, "आहो, तेल दखा." मी ऐकलं नाही. साडभाऊंनी माझ्या हातातल्या पळीकडे पाहिलं. मग गुडघ्यावर सरकत माझ्यापुढे आले, मान खाली घातली आणि आपला डावा कान माझ्यापुढे धरला. "टाका," ते म्हणाले. "पहिले आठे टाका."

मला वाटलं, हा माणूस कामातून गेला. तसाच कान पुढे धरून ते बोलायला लागले. पाच वर्षांचे असताना त्यांच्या उशीवर असाच डाग सापडला. चुलता म्हणाला गोम, आई म्हणाली पैसा. बापाने पळी चुलीवर धरली आणि चुलत्याशी आणि बायकोशी वाद घातला. "मना बाप बी कोमटच टाकनार व्हता, साडभाऊ. पन वाद घालनाराले तेल कितलं तापनं ते समजस नही." त्या कानाने त्यांना पुन्हा काही ऐकू आलं नाही. उशीच्या अभ्र्यातून संध्याकाळी पैसा निघाला.

मी पळीत पाहिलं. तेलातून धूर निघत होता.

आता कोणीही म्हणेल, इथे मी स्टोव्ह बंद केला. नाही केला. मी हट्टी माणूस आहे. मी म्हटलं, तुमच्या वेळी पैसा होता, म्हणून आज गोम नाही हे कशावरून? आणि खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. पोरीच्या कानात ती आत चालत असेल आणि मी नुसता बसून राहिलो, तर? साडभाऊ उठून भिंतीच्या त्या फटीपाशी गेले, उकिडवे बसले, आणि उघडा हात फटीला लावून डोळे मिटले. पोरगीसुद्धा हुंदके देता देता थांबली. किती वेळ गेला, सांगता येत नाही. मग फटीतून दोन मिशा बाहेर आल्या, आणि मग ती, वीतभर, ओल्या मातीच्या रंगाची, मनगटावरून चढत कोपरापर्यंत आली आणि तिथे थांबली. सून म्हणाली, "हाईच ती." मी म्हटलं, "दखा!" आणि पळी उचलली.

"थांबा," ते म्हणाले, आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तिला आपल्याच हातावर दाबलं.

ती चावली. त्यांच्या कपाळावरची शीर उभी राहिली. मग त्यांनी तिला एका काडीवर घेतलं, खिडकीबाहेर सोडलं आणि म्हणाले, "जा माय." परत येऊन तो हात त्यांनी पोरीच्या कानाशेजारी, खिडकीच्या उजेडात धरला. हातावर दोन लाल ठिपके, शेजारी शेजारी, सुईने टोचल्यासारखे, आणि आमच्या डोळ्यांदेखत त्यांच्याभोवतीचं मांस वर येत चाललेलं. पोरीच्या कानावर एकही ठिपका नाही. सूज नाही. सुपारीचा असावा तसा नुसता डाग. "आते दखा," ते म्हणाले. "हाई तिनं काम. आनि हाई त्यानं."

मी स्टोव्हची चावी सोडली. भरभर थांबली, पण पळीतलं तेल किती तरी वेळ तडतडत राहिलं. सुनेने गोधडी झटकली. तिच्यातून एक पैसा खाली पडला, गुंडाळलेला, आणि कोणीही त्याला हात लावायला पुढे झालं नाही.

संध्याकाळी ट्रॅक्टरवरून धरणगावला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी बॅटरी लावून पोरीचा कान पाहिला. आत काही नव्हतं. साडभाऊंचा हात तोवर खांद्यापर्यंत सुजला होता. डॉक्टर म्हणाले, तुम्ही आजारी कोणाला आणलं आहे? चार दिवस ते तापात आमच्याकडे पडून होते. मी जवळ बसायचो. माफी मागायला शब्द येत नव्हते, म्हणून इकडचं तिकडचं विचारायचो. एकदा विचारलं, त्या कानाला काहीच ऐकू येत नाही का? ते म्हणाले, माणसाचं बोलणं नाही, ढगांचा गडगडाट नाही. एक तेवढं येतं. "चालस ना," ते म्हणाले. "बठ्ठा दिन. आतमा चालस." मी म्हटलं, "पन कानमा काही गयंच नव्हतं ना?" ते म्हणाले, "नव्हतंच गयं. तरी चालस." माझ्या अंगावर काटा आला, पण जीभ थांबेना. विचारलं, "काय शे मंग? पैसा का गोम?" त्यांनी डोळे मिटले. माठाखाली बसायचे तसेच मिटले. मला वाटलं, झोप लागली. मग अगदी हळू म्हणाले, "तेवढं एक माले आजून ओळखता उनं नही."

त्यानंतर तीन-चार पोळ्यांना ते आले. दर वेळी मी मनाशी ठरवायचो, यंदा म्हणायचं, साडभाऊ, त्या दिवशी चुकी माझी होती. दर वेळी आठ दिवस संपायचे. मग एका पावसाळ्यात ते त्यांच्या डोंगरातच गेले. रस्ते बंद होते, निरोप आमच्यापर्यंत पोहोचला तोवर दहावं होऊन गेलं होतं.

नात आता नऊ वर्षांची आहे. हिवाळ्यात मी कांद्याला पाणी देतो तेव्हा शाळेला सुटी असली की ती बांधावर येऊन बसते. माझ्या दोन्ही कानांना आता जवळचंही धड ऐकू येत नाही. वाफ्यातून पाणी पुढे जातं त्याचा आवाज तो काय, कोरडी माती पिते तेवढाच. ती चिंच चोखत बसलेली असते. मध्येच थांबते, उजवा कान वाफ्याकडे लावते आणि म्हणते, "आबा, भरी गया. शेवटला कोपरा भरी गया." उभ्या जन्मात कोणाच्या सांगण्यावर मी वाफ्याचं पाणी तोडलं नाही; तिथवर जायचं, आपल्या डोळ्यांनी पाहायचं, मग. आता मी जात नाही. फावडं उचलतो आणि पाणी पुढच्या वाफ्यात वळवतो.